एकशे अकरा काटे

“उभ्या राहा, भोयेबाई. तालुक्याचं नाक कुणी कापलं, ते बाकीच्या बायकांना दिसू दे.”

दुसाने साहेब हे म्हणाले तेव्हा पंचायत समितीच्या सभागृहात एकशे बारा अंगणवाडी सेविका सतरंज्यांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. साहेब आमच्या वाघदरी तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी. त्यांच्या मागच्या भिंतीवर मी तीन दिवस खपून काढलेला रंगीत तक्ता लावला होता, आणि तक्त्याशेजारी हातात छडी घेऊन मी स्वतः उभा होतो. मी, अविनाश कर्डिले, सांख्यिकी सहायक, वय सव्वीस, संख्याशास्त्रातली पहिल्या वर्गाची पदवी. त्या पदवीचा उल्लेख मी दर दोन वाक्यांआड करत असे. माझ्याकडे पाहून ती आपण होऊन कुणाच्या लक्षात आली नसती.

तक्त्यावर प्रत्येक अंगणवाडीसाठी एक उभा दांडा होता. वयाच्या मानानं वजन फारच कमी असलेली, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतली मुलं जितकी, तितका दांडा उंच. एकशे अकरा दांडे नुकत्या लावलेल्या नागलीच्या रोपांएवढे बुटके. एकच तेवढा ताडासारखा वर गेलेला. त्याच्याखाली लिहिलं होतं, करंजपाडा. तो दांडा मी मुद्दाम लाल रंगवला होता.

शेवटून दुसऱ्या रांगेत एक बाई उठून उभी राहिली. चाळिशीची, काटकुळी, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. कमळ भोये.

“नऊ!” साहेबांनी बोटं नाचवली. “अख्ख्या तालुक्यात सत्तावन्न, आणि त्यातली नऊ तुमच्या एका पाड्यावर. सगळ्या बायांची पोरं महिन्याभरात सुधारली. तुमचीच का सुधारली नाहीत? खाऊ कुठं जातो तुमच्याकडचा?”

खाऊच्या प्रश्नाला सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. साहेबांच्या विनोदाला हसणं हा माझ्या कामाचाच भाग होता आणि तो मी बाकीच्या कामापेक्षा चोख करत असे.

“खाऊ पोरांच्या पोटात जातो, साहेब,” भोयेबाई म्हणाली. “पण बाकीच्यांचीबी पोरं सुधारली नाहीत. नवे काटे खोटं बोलतात.”

पुढच्या रांगांतल्या बायकांनी माना वळवून मागं पाहिलं.

काटे श्रावणात जिल्ह्याहून आले होते. झोळीचे काटे. आढ्याच्या वाशाला वरची कडी अडकवायची, खालच्या आकड्याला कापडी झोळी, झोळीत मूल, आणि गोल तबकडीवर सुई फिरून किलो-ग्रॅम सांगते. जुने काटे गंजले होते, ते जमा करून सर्व अंगणवाड्यांना कोरे करकरीत नवे दिले होते. पहिल्याच महिन्यात चमत्कार झाला. आदल्या महिन्यात तालुक्यात तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली चारशे बारा मुलं होती, ती सत्तावन्नवर आली. दुसाने साहेबांनी हा आकडा जिल्ह्याला फोनवर तीनदा वाचून दाखवला होता.

“काटे खोटं बोलतात म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“नव्या काट्याला पाच किलोचं वजन टांगलं तर पाच किलो सहाशे दाखवतो. जुन्याला टांगलं तर बरोबर पाच. रेशन दुकानातलं शिक्क्याचं वजन हाय. मी दर सोमवारी आणून बघते. म्हणून मी जुना जमा केला नाय, तोच वापरते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी पाहण्यासाठीच मला ठेवलेलं होतं.

मी छडी तक्त्यावर टेकवली. “बाई, एकशे अकरा काटे एक सांगतात आणि तुमचा एकटा दुसरंच सांगतो. एकशे अकरा खोटे आणि तुमचा तेवढा खरा, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

तिनं क्षणभर विचार केला. टोमणा आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिला वाटलं, मी खरंच विचारतोय.

“एकाच घाण्यातनं निघाले असतील, तर एकशे अकरा सारखेच खोटे निघतील ना, साहेब?”

हे वाक्य माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात चार पानं पसरलेलं होतं. मोजताना हात हलतो, नजर चुकते, त्या चुका पुष्कळ वेळा मोजलं की एकमेकींना खाऊन टाकतात. पण खोट साधनातच असेल तर लाख वेळा मोजा, ती तसूभर कमी होत नाही. लबाड माणसाला शंभरदा विचारलं म्हणून तो खरं बोलायला लागत नाही. या प्रश्नाला परीक्षेत मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. भोयेबाई सातवी पास होती. तिनं ते पुस्तक वाचलं नव्हतं, म्हणून तिच्या ते लक्षात होतं.

“याला आमच्या शास्त्रात विसंगत मूल्य म्हणतात,” मी म्हणालो. “असं मूल्य आलं की ते बाजूला काढायचं.”

शास्त्र हा शब्द ऐकून टाळ्या पडल्या. भोयेबाई खाली बसली.

चार दिवसांनी मी आदेश घेऊन करंजपाड्याला गेलो. जुना काटा ताब्यात घ्यायचा, नवा टांगून द्यायचा, तशी पोच आणायची. जीप ओढ्यापर्यंत गेली. पुढची चढण पायी. माझे बूट नवे होते आणि मी सबंध वाट भोयेबाईला शिव्या घालत चढलो.

अंगणवाडी म्हणजे कुडाची एक खोली. मी पोचलो तेव्हा वजनाचाच दिवस होता. दारात आठ-दहा बाया लेकरं घेऊन बसलेल्या. भोयेबाईनं मला पाहिलं, “बसा साहेब, हे एवढं पोर उतरवते,” म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. मला अर्थातच राग आला. मी बसलो नाही, उभ्यानंच पाहत राहिलो.

झोळीत एक मुलगी होती, चौदा महिन्यांची. नाव रंगी. तिची आई इंदी शेजारी उभी होती. भोयेबाईनं पोरीच्या पायातले वाळे काढायला लावले, अंगातलं झबलं काढलं. पोर हातपाय झाडत होती, सुई नाचत होती. भोयेबाई नुसती थांबली. पोरीशी काहीबाही बोलत राहिली, आणि पोर शांत झाली तेव्हा पाटावर चढून तिनं तबकडी डोळ्यांच्या बरोबर समोर आणली. खालून वर बघून नाही, समोरून. आकडा वाचला. मग मूल उतरवलं, सुई शून्यावर आली का पाहिली, आणि पुन्हा टांगलं. पुन्हा वाचलं.

“दोनदा कशाला?” मी विचारलं.

“एकदा माझी नजर चुकंल. दोन्ही येळा जुळलं तरच लिहिते. नाय जुळलं तर तिसऱ्यांदा.”

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही उत्तर आधी पुस्तकातून पाहायचो आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं वहीत भरायचो. सर सही करायचे. आम्ही सगळे पहिल्या वर्गात आलो.

“पाच किलो नऊशे,” भोयेबाई म्हणाली. “तिसरी श्रेणी.”

“आता नव्यावर घ्या.”

तिनं कोपऱ्यातला नवा काटा काढला, टांगला. रिकामा असताना सुई अगदी शून्यावर. म्हणूनच कुणाला शंका येत नव्हती. शून्यावर सगळेच काटे प्रामाणिक दिसतात, माणसांसारखेच. रंगीला झोळीत घातलं.

सहा किलो सहाशे.

“दुसरी श्रेणी,” मी म्हणालो. “बघा, सुधारली.”

इंदी भोळेपणानं हसली. आपली पोर एका क्षणात सातशे ग्रॅम वाढली हे तिला आवडलं असावं. तिला हे माहीत नव्हतं की तिसऱ्या श्रेणीच्या मुलाला दुप्पट आहार मिळतो, दवाखान्याची चिठ्ठी मिळते, गरज पडली तर जीप येते. आणि दुसऱ्या श्रेणीच्या मुलाच्या आईला सल्ला मिळतो.

भोयेबाईनं दाराआडून लोखंडी वजन आणलं. पाच किलोचं, षट्‌कोनी, वर सरकारी शिक्का. ते तिनं सुतळीनं नव्या काट्याला टांगलं आणि बाजूला झाली. सुई पाच किलो सहाशेवर थांबली.

बाया माझ्याकडे पाहत होत्या. भोयेबाईही पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. आता साहेबानं डोळ्यांनी पाहिलं, आता सुटलं, एवढंच होतं.

“हे असं वजन टांगणं शास्त्रीय नाही,” मी म्हणालो. “हा काटा मुलांसाठी आहे, लोखंडासाठी नाही.”

आज हे वाक्य लिहिताना माझा हात थबकतो. तेव्हा जीभ थबकली नव्हती.

भोयेबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग सावकाश, लहान मुलाला समजावावं तसं म्हणाली, “साहेब, पाच किलो लोखंड आन् पाच किलो पोर... वजन सारखंच ना?”

“वाद नको. आदेश आहे. जुना काटा द्या.”

“मंग मी नव्यावर मोजते आन् जेवढं जास्ती दाखवतो तेवढं वजा करून लिहिते.”

“अजिबात नाही! जे दिसतं तेच लिहायचं. नोंदीत स्वतःची अक्कल घालायची नाही. हा शास्त्राचा पहिला नियम आहे.”

नियम खराच आहे. खऱ्या नियमाचा इतका खोटा उपयोग मी नंतर पुष्कळ पाहिला, पण पहिल्यांदा तो माझ्याच तोंडून ऐकला.

“मंग शेऱ्यात लिहू?” तिनं विचारलं.

“लिहा. शेऱ्याचा रकाना त्यासाठीच असतो.”

जुना काटा मी पिशवीत घालून आणला आणि कार्यालयाच्या भांडारात इतर गंजलेल्या काट्यांच्या ढिगावर टाकला. पुढच्या महिन्यात करंजपाड्याचा लाल दांडा नऊवरून एकावर आला. त्याच महिन्यात वाघदरी तालुक्याला कुपोषण कमी केल्याबद्दल जिल्ह्याची ढाल मिळाली. साहेबांनी ती टेबलावर अशी ठेवली की दारातून आत येणाऱ्याला आधी ढाल दिसावी आणि मग साहेब.

भोयेबाईचा मासिक अहवाल आला. आकडे काट्यानं दाखवले तसेच. शेवटच्या रकान्यात तिच्या गोल, मोठ्या अक्षरात: “काट्यास पाच किलो टांगले असता पाच किलो सहाशे दाखवतो. मुलांचे वजन खरे नाही.” एकशे बारा अहवालांचा गोषवारा तयार करून जिल्ह्याला पाठवणं माझं काम. गोषवाऱ्याच्या छापील नमुन्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. तिचा शेरा माझ्या टेबलापर्यंत आला आणि तिथंच मेला. मला तो मारावासुद्धा लागला नाही. कागदाची सोयच तशी होती.

त्याच सुमाराला रंगीला ताप आला. छातीत घरघर, दूध ओढेना. भोयेबाईनं सकाळी तिला टांगलं. काटा म्हणाला, साडेसहा किलो. वय पंधरा महिने, म्हणजे दुसरी श्रेणी. तिनं पाड्याखालच्या गावातून कार्यालयात फोन केला. फोन मीच घेतला.

“साहेब, जीप पाठवा. इंदीची पोर जाते हातची.”

“श्रेणी कोणती?”

“काट्यावर दुसरी. पण साहेब, तुमाला माहीत हाय...”

“दुसऱ्या श्रेणीला जीप नाही, बाई. मी काय करणार?”

तिनं फोन ठेवला. इंदीनं पोर पाठीशी बांधलं आणि ती नि भोयेबाई ओढा उतरून, तीन तास चालून, डांबरी सडकेवर आल्या. तिथून खडीच्या ट्रकमध्ये बसून ग्रामीण रुग्णालयात. हे मला नंतर कळलं, तिथल्या डॉक्टर अहिरराव बाईंच्या पत्रातून. पत्र साहेबांच्या नावानं होतं आणि चार ओळींचं होतं. रंगी दाखल झाली आहे, अवस्था गंभीर आहे. तिच्या कार्डावर त्याच दिवशी सकाळचं वजन साडेसहा किलो लिहिलेलं आहे. रुग्णालयाच्या काट्यावर दुपारी पाच किलो आठशे भरलं. मधल्या काही तासांत सातशे ग्रॅम कुठे गेले, याचा खुलासा व्हावा.

साहेबांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं.

“काय करायचं, साहेब?”

“खुलासा मागितलाय ना? द्या खुलासा. वजन कोण घेतं? सेविका घेते. मग चूक कुणाची?” आणि ढालीवरची धूळ त्यांनी रुमालानं पुसली.

खुलासा मी लिहिला. माझं लेखी मराठी फार चांगलं होतं. “सदर सेविकेस वजन घेण्याचे तंत्र अवगत नाही. तसेच नव्या साधनाबाबत तिच्या मनात पूर्वग्रह असून ती हेतुपुरस्सर संभ्रम निर्माण करीत असते.” तंत्र अवगत नाही! पाटावर चढून सुई डोळ्यांसमोर आणणारी, दोनदा मोजणारी तालुक्यातली ती एकच बाई, आणि ते पाहिलेला कार्यालयातला एकमेव माणूस मी.

खुलाशावर नोटीस निघाली, नोटिशीवर चौकशी लागली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले. दुसाने साहेबांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते आणि साहेब, कडेला मी, समोर भोयेबाई उभी. तिला कुणी बसायला सांगितलं नाही. तिच्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत करंजपाड्याचा नवा काटा आणि दुसरीत रेशन दुकानातलं वजन. पाच किलो लोखंड ती ओढा उतरून, सडकेपर्यंत, हातात धरून घेऊन आली होती.

“बोला, बाई,” चौकशी अधिकारी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांना चारची एसटी पकडायची होती, एवढंच.

“मी बोलत नाय, साहेब. हे बोलंल.”

तिनं खिडकीच्या गजाला काटा अडकवला. सुई शून्यावर आहे हे त्यांना दाखवलं. मग वजनावरचा शिक्का दाखवला. मग वजन टांगलं.

पाच किलो सहाशे.

दुसाने साहेबांचं तोंड सुकलेलं मला स्पष्ट दिसलं. चौकशी अधिकारी खुर्चीतून उठले, जवळ गेले, वाकून तबकडी पाहिली. खालून वर पाहिली, पण तरी पाहिली.

“हे वजनच चुकीचं कशावरून नाही?” त्यांनी विचारलं.

“सरकारचा शिक्का हाय, साहेब. त्यावर विश्वास नाय तर मंग कशावर ठेवायचा?”

ते थोडे गोंधळले. आणि मग माझ्याकडे वळले. “तुम्ही संख्याशास्त्राचे ना? तुम्ही सांगा. या प्रयोगाला काही अर्थ आहे का?”

भोयेबाईनंही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अजून आशा होती. दोन महिन्यांपूर्वी पाड्यावर होती तेवढीच.

मी घसा साफ केला. “एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून होणार नाही, साहेब.”

“बरोबर,” ते म्हणाले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

आता जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. निरीक्षण एक नव्हतं. शेजारच्या खोलीत माझ्या टेबलाच्या खणात एक कागद होता आणि त्यावर माझ्या अक्षरात तीस निरीक्षणं होती.

नव्या काट्यांचे पहिले अहवाल आले त्याच दिवशी मला कळलं होतं. न कळायला मी मूर्ख नव्हतो. आकड्यांची बेरीज करताना दिसलं, तालुक्यातलं प्रत्येक मूल एका महिन्यात सरासरी नऊशे ग्रॅम वाढलंय. धडधाकट घरातलं मूलसुद्धा त्या वयात महिन्याला दोनशे ग्रॅम वाढलं तर नशीब. आणि महिना कोणता? श्रावण-भाद्रपदातला, जेव्हा डोंगरातल्या घरांच्या कणग्या रिकाम्या असतात आणि लोक कंदमुळं उकडून खातात. त्या महिन्यात एकशे अकरा पाड्यांवरची पोरं एकदम बाळसं धरतात? मी भांडारातून तीन शिल्लक नवे काटे काढले, सोसायटीच्या गोदामातून शिक्क्याचं पाच किलोचं वजन आणलं. प्रत्येक काट्यावर दहा-दहा वेळा टांगलं. सर्वांत कमी पाच किलो पाचशे नव्वद, सर्वांत जास्त पाच किलो सहाशे तीस. इतके एकमेकांशी जुळणारे आकडे मी आयुष्यात पुन्हा पाहिले नाहीत. सगळे जुळणारे, आणि सगळे खोटे.

तो कागद घेऊन मी दुसाने साहेबांकडे गेलो होतो. सभेच्या आठ दिवस आधी. त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

“कर्डिले, हे काटे आले तेव्हा तपासून घेतल्याच्या दाखल्यावर सही कुणाची आहे?”

सही माझी होती. “सर्व काटे तपासले, अचूक आढळले.” खोकी उघडायचा कंटाळा आला म्हणून मी न उघडताच सही ठोकली होती.

“मग फाडा तो कागद,” साहेब म्हणाले, “आणि चांगला रंगीत तक्ता काढा.”

मी तक्ता काढला. कागद मात्र फाडला नाही. खणात ठेवला. फाडला नाही याचा मला बरीच वर्षं अभिमान वाटत असे. काय ही आमची नीतिमत्ता! खणात खरं, तोंडात खोटं, आणि छातीत अभिमान.

चौकशी पाऊण तासात संपली. भोयेबाईनं काटा गजावरून काढला, तो साहेबांच्या टेबलावर ठेवला, वजन पिशवीत घातलं आणि ती गेली. पंधरा दिवसांनी तिला कामावरून कमी केल्याचा आदेश निघाला. त्याचा मसुदाही मीच केला.

रंगी वाचली. सतरा दिवस रुग्णालयात होती, मग घरी गेली. तिच्यासाठी तीन तास चालणारी बाई होती. उरलेल्या एकशे अकरा पाड्यांवरच्या मुलांचं काय झालं ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ती मुलं कागदावर बरी होती, आणि बऱ्या मुलांचा पाठपुरावा करायचा नसतो.

दोन वर्षांनी ते काटे “जुने झाले” म्हणून परत मागवण्यात आले. नवे आले ते बरोबर होते. एका महिन्यात तालुक्यातली तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची मुलं चारशे तीसवर गेली. तोवर दुसाने साहेब बढती घेऊन निघून गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या बिचाऱ्या बाईंची, कुपोषण वाढवलं म्हणून, बदली झाली. मलाही बढती मिळाली, मग दुसरी मिळाली. पुढं पुढं तर “आकडेवारीची विश्वासार्हता” या विषयावर मी प्रशिक्षण केंद्रांत व्याख्यानं देऊ लागलो. लोक वह्यांत उतरवून घ्यायचे.

गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, मी करंजपाड्याला गेलो. आता सडक वरपर्यंत गेली आहे. भोयेबाई ओटीवर सूप घेऊन नागली पाखडत बसली होती. साठी केव्हाच उलटलेली, केस पांढरे. तिनं मला लगेच ओळखलं.

“कर्डिले साहेब ना? या, या. बसा.” तिनं सूप बाजूला ठेवलं, घोंगडी अंथरली. आत वळून सुनेला हाक मारली, “सोमी, चहा ठेव गं. आमचे साहेब आलेत.”

आमचे साहेब, म्हणाली ती. मला वाटलं होतं ती दारातून हाकलून देईल. तेवढी तयारी करून आलो होतो.

इकडचं तिकडचं बोललो. तिला दोन नातू आहेत. रंगीचं लग्न झालं, ती खालच्या गावात असते, सणाला येऊन पाया पडून जाते. शेवटी मीच म्हणालो, “बाई, माझ्यामुळं तुमचं काम गेलं. तुमच्या मनात राग असेल.”

“पहिल्यांदा व्हता,” ती म्हणाली. “मंग गेला. मी ह्या लोकांनाबी सांगायचे, साहेबाला दोष देऊ नका. शिकलेला हाय, पण बिचाऱ्याला काटा कळत नाय. लोखंडाचं वजन येगळं आन् पोराचं येगळं म्हणतो. कुणीतरी नीट शिकवलं नसंल त्याला. ज्याला कळतच नाय त्याच्यावर काय रागवायचं?”

ती हसली. खरोखरच्या मायेनं हसली. बत्तीस वर्षं या बाईनं मला मूर्ख समजून माफ केलं होतं.

तिथंच उठलो असतो तर ती माफी मला कायमची मिळाली असती. चहासकट. पण आयुष्यात एकदा तरी खरा आकडा सांगावा असं मला वाटलं. यात मोठेपणा काही नव्हता. मूर्ख म्हणून घेणं मला सोसवेना, इतकंच. पहिला वर्ग होता ना.

“बाई, मला कळत होतं,” मी म्हणालो. “सभेच्या आधीच कळलं होतं. मी स्वतः वजन टांगून पाहिलं होतं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “कितीदा?”

“तीस वेळा.”

तिचे ओठ हलले. ती बहुतेक मनात काहीतरी जुळवत होती. सभा, पाड्यावरचा दिवस, फोन, खिडकीचा गज. एकेक करून सगळं तिनं पुन्हा मांडलं असावं, दुसऱ्यांदा, जुळतं का पाहायला. ते जुळलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी गेलं, मग ती माया गेली.

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि माझ्याकडे न बघता आत हाक दिली.

“सोमी, चहा उतरव चुलीवरनं. साहेब निघाले.”